गजकर्ण मातीतून येते का?

प्रश्न : पावसाळा लागला की आमच्या घरात कुणाला ना कुणाला गजकर्ण होते. आई म्हणते, ते शेतातल्या मातीतून येते. खरे आहे का? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : आईंचे म्हणणे मुळात खरे आहे. गजकर्ण करणाऱ्या बुरश्या केराटिनवर जगतात. केस, नखे, खूर, पिसे आणि आपल्या कातडीचा सर्वांत वरचा मेलेला थर, हे सगळे त्याच प्रथिनाचे. गळलेले केस आणि पिसे मातीत कुजतात ती अशाच बुरश्यांमुळे. १९५२ साली वानब्रुसेगेम या बेल्जियन शास्त्रज्ञाने मातीतल्या या बुरश्या शोधायला साधी युक्ती सांगितली : निर्जंतुक केलेले केस ओलसर मातीवर पसरून ठेवायचे. काही आठवड्यांत केसांवर पांढरट बुरशी धरते. गोठ्याजवळची किंवा कोंबड्या फिरतात तिथली माती घेतली तर हमखास.

मात्र मातीतली बुरशी माणसाला क्वचितच लागते. तिच्यातल्या काही जाती पुढे जनावरांवर वस्तीला आल्या : मांजरांवर मायक्रोस्पोरम कॅनिस, गुरांवर ट्रायकोफायटन व्हेरुकोसम. वासराकडून आलेला चट्टा लालभडक होतो, कारण शरीर त्या परक्या बुरशीशी जोरात झगडते. ट्रायकोफायटन रुब्रमसारख्या जाती माणसालाच सरावलेल्या. त्यांचा त्रास बेताचा, पण मुक्काम लांबतो.

आपल्याकडे सध्या जास्त आढळते ती ट्रायकोफायटन इंडोटिनी. तिला हे नाव २०२० साली जपानमध्ये मिळाले. तिथे ती एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णात सापडली होती. ती माणसाकडून माणसाकडे पसरते आणि तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध चालत नाही. त्यामुळे तुमच्या घरातले गजकर्ण शेतापेक्षा एकाच टॉवेलातून, दमट कपड्यांतून फिरत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, जांघेत घाम राहतो. बुरशीला एवढी ओल पुरते.

गजकर्णाला कडे का येते? बुरशी कडेने पुढे सरकते आणि मागे, मध्यभागी, शरीर तिला आवरत आणते. स्टेरॉइड असलेले मलम लावले की शरीराचा हाच प्रतिकार दबतो. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून बरे वाटते. बुरशी मात्र मोकळेपणी पसरते. दुकानातून अशी ट्यूब आणून लावू नका. ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांना एकाच वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि सांगितलेले औषध चट्टा दिसेनासा झाला तरी मुदतीआधी सोडू नका.