पिस्टन न बघताच केलेलं बॅलन्सिंग

'बुलेट थरथरतेच' असं ऐकवणाऱ्यांना आधीच सांगतो, वडिलांची ही गाडी मी कॉलेजात असल्यापासून चालवतोय. तिची नेहमीची थरथर कुठली आणि बिघाडाची कुठली, एवढं मला कळतं. बोरीवली पूर्वेच्या एका मशीन शॉपमधून क्रँक 'बॅलन्स' होऊन आला, गाडी हायवेला काढली, आणि मागाठाण्याहून नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत जाईस्तोवर हातांना मुंग्या आल्या. आरशात मागे बस आहे की डंपर, तेही कळेना. काम करायच्या आधी असं होत नव्हतं.

काम काढलं कारण बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक, गेलं होतं. कनेक्टिंग रॉडचा किट नवा घेतला, सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणला. क्रँक टाकताना शेठना दोनदा विचारलं, "पिस्टन आणून देऊ का?" "पिस्टनचं काय काम, साहेब? क्रँक ठेवा, संध्याकाळी घेऊन जा." बिलावर मात्र दोन वेगळ्या ओळी होत्या, क्रँक अलाइनमेंट आणि क्रँक बॅलन्सिंग. दुसरीचे पैसे पहिलीहून जास्त.

तक्रार घेऊन गेलो तर आधी म्हणाले, माउंटिंगचे बोल्ट बघा. बघितले होते. मग म्हणाले, मेकॅनिकने बसवताना घोळ केला असेल. मेकॅनिक माझ्या शेजारीच उभा होता. शेवटी ठरलेलं वाक्य आलंच, "बुलेट आहे साहेब, हलणारच." एवढं सगळं बोलताना नजर मोबाइलवरून वर नाही.

इंजिन पुन्हा उतरवलं. क्रँक घेऊन चारकोपला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "पिस्टनचं वजन किती धरलंय?" मी गप्प. ज्या दिवशी हे बॅलन्सिंग झालं, त्या दिवशी पिस्टन माझ्या घरी कपाटात खोक्यात पडून होता! मिस्त्रींनी फ्लायव्हीलची भोकं चिंधीने पुसली, बॅटरी मारून एकेक बघितलं. सगळी आतून काळी, जुन्या तेलाने माखलेली. ताज्या ड्रिलची चमक एकातही नाही. "गरज पडली नसेल तर नवं भोक मारत नाहीत," ते म्हणाले, "पण आपण बघू." मग काट्यावर जुना पिस्टन, नवा पिस्टन. नवा तीसेक ग्रॅम जड निघाला. नवा रॉडही जुन्याहून जड.

इथे जरा तांत्रिक बोलतो, कारण लोकांना गंडवतात ते इथेच. दोन फ्लायव्हील आणि मधली क्रँक पिन जोडल्यावर दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आणायचे असतात. लेथवर सेंटरमध्ये धरून, डायल गेज लावून, तांब्याच्या हातोडीने ठोकून ते होतं. ही अलाइनमेंट. त्या शेठनी ती चांगली केली होती, खोटं कशाला बोलू. बॅलन्सिंग वेगळं. त्यात रॉडचं खालचं टोक पुरतं फिरणारं वजन म्हणून धरतात. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक हे वर-खाली होणारं वजन. एका सिलिंडरच्या इंजिनात दुसऱ्या वजनाचा काही हिस्साच, साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत, समोरच्या वजनाने तोलता येतो. पूर्ण तोलायला जाल तर वर-खालीचा हादरा पुढे-मागे होतो. ठरलेल्या हिश्शाइतकं वजन रॉडला टांगून क्रँक दोन समतल धारदार पट्ट्यांवर ठेवायचा. जमलेला असेल तर कसाही ठेवा, तिथेच थांबतो. माझा क्रँक दरवेळी गडगडत जाऊन पिन खाली आली की थांबत होता.

दहा-वीस ग्रॅमने काय होतं, असं शेठनी मला हसून विचारलं होतं. माझ्यासारख्या जुन्या बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे पिन मध्यापासून ४५ मिलिमीटरवर. तिथे १० ग्रॅम चुकले तर मिनिटाला २००० फेऱ्यांना सुमारे २ किलोचा ओढा बसतो, ४००० ला सुमारे ८ किलोचा. वेग दुप्पट, तर मार चौपट. हसा आता.

तर, क्रँक देताना पिस्टन, पिन, रिंगा, सर्क्लिप सगळं सोबत न्या. वजनं आणि धरलेला हिस्सा बिलावर लिहून घ्या. फ्लायव्हीलच्या दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवा, म्हणजे नवं भोक कुठे पडलं ते दिसेल. पट्ट्यांवर क्रँक थांबतो का, ते समोर उभं राहून बघा. दाखवायला नाही म्हणणाऱ्याकडे काम टाकू नका. चार सिलिंडरची गाडी असेल तर फ्लायव्हील आणि क्लचची प्रेशर प्लेटही क्रँकसोबत द्या. ते काम फिरवून मोजणाऱ्या मशीनवर होतं, दोन्ही टोकांचे आकडे मागा. पैसे आधी पूर्ण देऊ नका. बाकी चार ठिकाणी चौकशी करा वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

मिस्त्रींनी पिनेच्या बाजूला भोकं मारून क्रँक जमवून दिला आणि वजनांचा कागद हातात ठेवला. गाडी आता ठीक आहे. गास्केट, तेल आणि इंजिन उघड-बंदची मजुरी मात्र मला दुसऱ्यांदा भरावी लागली, आणि त्या शेठनी बॅलन्सिंगचे पैसे अजून परत केलेले नाहीत.