कासदाहावर कोरफड, पण डॉक्टरही

प्रश्न : गाईची कास सुजते, दुधात गाठी येतात. वनस्पतींनी बरे होईल? (दूधउत्पादक, हिवरे बाजार)

उत्तर : सुरुवातीलाच धरला तर कासदाह आटोक्यात येऊ शकतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवते तो लेप असा : २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना एकत्र वाटायचा, लगदा लालसर होतो. पूर्ण दूध काढून, कास धुऊन, मूठभर लगदा पाण्यात पातळ करून लावायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस; म्हणजे गोठ्यात एक माणूस अडकलाच! सोबत रोज दोन लिंबे चिरून चारायची.



गाईला ताप आला किंवा तिने वैरण सोडली, तर लेपावर विसंबू नये, पशुवैद्यकाला बोलवावे. प्रतिजैविक दिल्यास त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध डेअरीला घालू नये.