सवय आणि साक्षीभाव

ओतूर हे गाव श्रीकपर्दिकेश्वराच्या मंदिरामुळे व संत तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधिस्थानामुळे भाविकांना परिचित आहेच. जुन्नर तालुक्यातील याच गावी १९४४ साली डॉ. अनिल अवचट यांचा जन्म झाला. त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यामागे पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचे पाठबळ होते. डॉ. अवचट २०२२ साली निवर्तले; केंद्राचे कार्य सुरू आहे.

व्यसन ही सवयीची पराकाष्ठा होय. तेथे केवळ शपथ घेऊन भागत नाही. (देवापुढे घेतलेल्या अशा कित्येक शपथा आम्ही पाहिल्या आहेत.) औषधोपचाराने शरीर सावरले तरी मनाची ओढ मागे राहते. म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारांत रुग्णास स्वतःकडे पाहावयास शिकवितात. ओढ कोणत्या वेळी लागली, सोबत कोण होते, त्यापूर्वी मनात राग होता की एकटेपण? ओढ दाबावयाची नाही, तिच्यामागे जावयाचेही नाही. ती कशी चढते व कशी ओसरते, हे पाहावयाचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी तिला लाटेची उपमा दिली होती.

हाच उपाय रागासही लागू पडतो, असा आमचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या गर्दीत एका आजींनी अभिषेकाच्या पावतीवरील नाव तिसऱ्यांदा बदलावयास सांगितले. प्रस्तुत लेखक त्यांच्यावर ओरडला. पावती तेथेच ठेवून आजी निघून गेल्या. मागाहून कळले की, नातू रुग्णालयात होता आणि घाबरलेल्या आजींना त्याचे पाळण्यातील नाव नीट आठवत नव्हते.

तेव्हापासून टेबलाच्या खणात एक वही ठेवली. आवाज चढला की वेळ व कारण लिहावयाचे, एवढाच नेम. दोन महिन्यांत दिसून आले की, बहुतेक नोंदी दुपारी एक ते दोन या वेळेतील, म्हणजे भोजनापूर्वीच्या होत्या! भाविकांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. भोजनाची वेळ अलीकडे आणली, नोंदी निम्म्यावर आल्या. उरलेल्यांची कारणे इतकी सोपी नाहीत. आता पुष्कळदा दात आवळले जात असतानाच ध्यानी येते, आणि हात वहीकडे जातो. कधी फार उशिरा ध्यानी येते. गेल्या चतुर्थीस दोन नोंदी झाल्या. त्यांतील दुसऱ्या नोंदीच्या गृहस्थांना शोधत बाहेर गेलो, तेव्हा ते चप्पल स्टँडपाशी सापडले.