अंगठा देण्यापूर्वी

गेल्या महिन्यात मोसंबीची बाग असलेले एक आजोबा माझ्या पाचोडच्या दवाखान्यात आले. शहरातील डॉक्टरांनी त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेता का, असे विचारले होते. कागद पुढे करून ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, अंगठा देऊ का?” सोबतचा नातू घाबरलेला होता. त्याने नुकतीच ‘फ्रँकेन्स्टाइन’ची गोष्ट वाचली होती.

मेरी शेलीच्या १८१८ सालच्या या कादंबरीतील तरुण शास्त्रज्ञ गुपचूप एक जीव घडवतो आणि त्याने डोळे उघडताच पळ काढतो. धाडस हा त्याचा दोष नव्हे. प्रयोग लपवला आणि परिणामांची जबाबदारी टाळली, हा दोष.

आता आपल्या मुंबईचे उदाहरण पाहा. १८९६ मध्ये तेथे प्लेगची साथ पसरली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. ती आधी सशांना दिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. पण तुरुंगातला माणूस मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकतो का? शिवाय १९०२ मध्ये तेव्हाच्या पंजाबातील मुलकोवाल गावी लशीच्या एका दूषित बाटलीमुळे धनुर्वात होऊन १९ जण दगावले. हाफकिन यांच्यावरचा ठपका १९०७ मध्ये दूर झाला. गेलेले जीव मात्र परत आले नाहीत.

नवे औषध आपण आधी एका झाडावर फवारून पाहतो. पण माणूस म्हणजे झाड नव्हे. त्याला विचारावे लागते. म्हणून आज कायदा आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते.

वाचकहो, सही करण्यापूर्वी एवढे विचारा :

१) औषध कशासाठी? धोके कोणते?
२) चाचणीत न गेल्यास दुसरा उपचार कोणता?
३) इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई कोण देणार?
४) मधेच बाहेर पडता येईल ना? (तो तुमचा हक्क आहे.)
५) संमतीपत्राची प्रत मिळेल ना?

वाचता येत नसेल, तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सर्व समजावून सांगणे बंधनकारक आहे.

आजोबांनी हे प्रश्न नातवाकडून लिहून घेतले. होकार की नकार, हे आता तेच ठरवतील. पण समजल्याशिवाय अंगठा देणार नाहीत.