कुमारवयातील व्यसन : घोडा तरणा, लगाम कच्चा

मागच्या महिन्यातील गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास इंदिरानगरमधला माझा दवाखाना मी बंद करीत होतो. तेवढ्यात दोन मुले आपल्या मित्राला रिक्षातून घेऊन आली. मुलगा अवघा सोळा वर्षांचा. वाढदिवसाचे निमित्त, पैज लागली आणि त्याने पाण्यासारखी दारू घशाखाली ओतली. हाक मारली तरी डोळे उघडत नव्हता. अंग गार, श्वास संथ. रक्तातील साखर फारच उतरली होती. त्याला कुशीवर वळवले, शिरेतून ग्लुकोज सुरू केले आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात पाठवले. मुलगा वाचला.

दोन दिवसांनी त्याचे वडील भेटायला आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्हीही त्या वयात चोरून घ्यायचो. आम्हाला कुठे काय झालं?" पुष्कळ पालकांच्या मनात हाच प्रश्न असतो. म्हणून आजचा लेख.

साखर का उतरते?

पोट रिकामे असताना रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृत करते. दारू पोटात गेली की यकृत ती निस्तरण्यात गुंतते आणि नवी साखर तयार करणे मंदावते. मुलांच्या शरीरात साखरेचा साठा कमी, म्हणून धोका अधिक. शिवाय दारू श्वासाचे केंद्र मंदावते. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

मेंदू अजून घडतो आहे

मुलगा बापाच्या खांद्याला लागला की आपण त्याला मोठा समजतो. पण मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. मौज आणि उत्तेजना शोधणारा भाग आधी जोरात येतो. कपाळामागचा, विचार करून 'थांब' म्हणणारा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. घोडा तरणा आणि लगाम कच्चा, अशी ही अवस्था. नशेचा पदार्थ घोड्याला चाबूक मारतो आणि लगामही सैल करतो. आठवण साठवणाऱ्या भागालाही दारूची झळ बसते. अभ्यास डोक्यात राहत नाही, त्याचे हे एक कारण असू शकते.

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी तिच्या आहारी गेलेले आढळले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे पहिला प्याला जितका लांबेल तितके बरे. आपल्या राज्यात बिअर व वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, ती उगीच नाही.

दारूखेरीज इतर पदार्थ

गांजाने लक्ष व स्मरण ढासळते. घराण्यात मानसिक आजार असेल तर भ्रम होण्याचा धोका वाढतो. पंक्चरचे सोल्युशन किंवा थिनर हुंगल्याने हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन. त्याने नाडी व रक्तदाब वाढतो, अंग तापते, झोप उडते आणि मन संशयी होते. हे मुंबईचे दुखणे आहे, असे समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी बनवणारा कारखानाच पोलिसांनी उघडकीस आणला होता.

पालकांनी काय करावे?

अचानक घसरलेले गुण, बदललेले मित्र, रात्रीचे जागरण, लालसर डोळे, घरातून नाहीसे होणारे पैसे यांकडे लक्ष द्यावे. यातील एकेक गोष्ट वयामुळेही होते, म्हणून लगेच आरोप करू नये. शांतपणे विचारावे आणि ऐकून घ्यावे. मारझोडीने व्यसन सुटत नाही, फक्त लपते. शासनाच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मधून पुष्कळजण बरे होऊन घरी परतले आहेत. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

आणि एक गोष्ट मुलांना आजच सांगून ठेवा. मित्र बेशुद्ध पडला तर त्याला लिंबूपाणी, ताक किंवा कॉफी पाजू नये. ओकारी काढू नये, 'झोपला की उतरेल' म्हणून एकटा सोडू नये. कुशीवर निजवावे आणि १०८ ला फोन करावा. त्या रात्री ती दोन मुले बोलणी खाण्याच्या भीतीने पळाली असती, तर मित्र हाती लागला नसता. त्या वडिलांना मी एवढेच म्हणालो, "त्या दोघांवर रागावू नका. आणि तुमच्या मुलाला सांगा, असा प्रसंग आला तर आधी मला फोन कर, रागावणं नंतर."