कळलावीची बोंडे पिकताना : मार्गशीर्ष-पौषातील दक्षता

ईशान्य मोसमी पावसाचा जोर ओसरला, की चेन्नईच्या गिंडी अरण्यात व भोवतालच्या झुडपी रानांत ज्वालेसारखी फुललेली कळलावी फळांवर येते. महाराष्ट्रात जिची फुले भाद्रपदात गौरीला वाहतात, तीच ही वेल तामिळनाडूचे राज्यपुष्प असून, मूलनूर व ओट्टनचत्रम या भागांत तिची लागवड बियांसाठी होते. कारण संधिवातावरील कोल्चिसीन हे औषधी द्रव्य त्या बियांतून काढतात.

या वेलीचा वंश दोन मार्गांनी चालतो. जमिनीतील नांगराच्या आकाराचा दुबेळक्या कंद तिला आहे त्याच जागी वर्षानुवर्षे टिकवतो. परंतु नव्या भूमीवर तिचा प्रवेश व्हावयाचा तो केवळ बीजामुळे. बोंड पक्व होऊन तीन शकलांत उकलते, तेव्हा शकलांच्या कडांना चिकटलेले तांबडे-नारिंगी दाणे उघडे पडतात, आणि त्यांच्या मऊ रंगीत सालीच्या आकर्षणाने आलेले पक्षी ते दूरवर नेऊन टाकतात. दाणा रुजण्यास महिने लागतात व रोपास फूल येण्यास तीन-चार वर्षे. म्हणूनच रानातील कंद खणून नेणारा मनुष्य एका वेलीबरोबर पुढील अनेक हंगामांचे बीजही नष्ट करीत असतो.

बागाईतदारांनी बोंडाचा फिकट हिरवा रंग गडद होऊन साल सुरकुतली, की ते उकलण्यापूर्वीच तोडावे, सावलीत आठ-दहा दिवस पसरून ठेवावे आणि दाणे निघाल्यावर तेही सावलीतच वाळवावेत. पुढील हंगामासाठी फुलांचा परागकण हाताने किंजल्काग्रास लावण्याची तजवीज सकाळी करावी. कारण या फुलाची किंजवाहिनी तळापासूनच काटकोनात वळलेली असल्याने स्वपरागण क्वचितच साधते. वेल सुकल्यावर कंद काढताना त्याच्या टोकावरील अंकुर मोडू देऊ नये; अंकुर गेला, की त्या शाखेतून वेल येत नाही. ज्येष्ठ-आषाढात कंद निचऱ्याच्या जमिनीत, आधाराला झुडूप देऊन लावावा. पाणी तुंबले तर तो हमखास कुजतो.

कळलावीचे सर्व अवयव, विशेषतः कंद, अत्यंत विषारी आहेत. रताळे समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. सबब कंद मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, खाद्यकंदांपासून अलग ठेवावेत, गुरांना वेलीपासून दूर ठेवावे व विषबाधेची शंका येताच क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

गिंडी हे 1978 पासून राष्ट्रीय उद्यान असल्याने तेथील कोणतीही वनस्पती काढण्यास कायद्याने मनाई आहे. इतरत्रही लागवडीचे कंद नेहमी लागवडीतूनच घ्यावेत आणि रानातील पिकलेली बोंडे पाखरांसाठी वेलीवरच राहू द्यावीत, अशी सर्व बागाईतदारांस आग्रहाची विनंती आहे.