ओंकारच्या आयडीवरून

नाशिक,
रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री वहिनीचा फोन आला. आधी माझ्या तब्येतीची विचारपूस झाली, मग दादाच्या गुडघ्याचं झालं, आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "वन्सं, ओंकारला ऑफिसात चौकशीला बोलावलंय. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी बदललं म्हणे, आणि नाव याचं येतंय." प्रॉडक्शन म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, पण तू दोन दिवस धड जेवला नाहीस हे तिला बरोबर कळलंय. मग म्हणाली, "तो म्हणतो, मी तेव्हा लॉगिनच नव्हतो, माझ्या आयडीवरून दुसऱ्यानं काम केलं." त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली.

अरे, आयडी दिलासच कसा? शेजारी बसणारा मित्र आहे, त्याचा अ‍ॅक्सेस अडकला होता, रात्रीचा जॉब पडला होता, क्लायंट फोनवर होता, हे सगळं तू न सांगताच मी समजू शकते. आयुष्य मेनफ्रेमवर काढलंय मी. पण तुझा आयडी म्हणजे तुझी सही. सही केलेला कोरा चेक तू त्या मित्राला दिला असतास का?

चौकशीवाले आधी काय बघतील ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. लायब्ररी उघडतील, मेंबर लिस्ट येईल. बदललेल्या मेंबरसमोर ०१.०७ असं व्हर्जन, तयार झाल्याची तारीख, बदलल्याची तारीख आणि वेळ, ओळींची संख्या, आणि शेवटच्या रकान्यात तुझा आयडी. नवखा माणूस तेवढ्यावरच तुला दोषी ठरवून मोकळा होईल. पण ज्या आयएसपीएफमध्ये आपण मेंबर उघडून बदलतो, त्याची ही नोंद फक्त शेवटच्या हाताचं नाव ठेवते. आधीच्या सहा वेळी कुणी काय केलं ते त्यात नाही. ज्याला अपडेटचा हक्क आहे तो आयएसपीएफच्या ३.५ पर्यायात जाऊन ही नोंद बदलू शकतो, पुसूही शकतो. जॉबमधून आयईबीजेनर या कॉपीच्या प्रोग्रामनं मेंबर लिहिला तर तिथे नावच राहत नाही. हे त्यांना शांतपणे सांग. आवाज चढवू नकोस, तुझा स्वभाव दादावर गेलाय.

तो मेंबर ज्या लायब्ररीत आहे, त्या प्रॉकलिबवर सगळ्या टीमला अपडेट आहे, हे तूच मला दिवाळीत फराळाला बसलो असताना सांगितलं होतंस. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. साध्या पीडीएसवर, म्हणजे अशा लायब्ररीवर, सुरक्षा सांभाळणारं रॅकफ हक्क देतं ते अख्ख्या डेटासेटचे, एकेका मेंबरचे नाहीत. म्हणजे स्वतःचा एक प्रोसिजर दुरुस्त करायला ज्याला आत घेतलं, त्याला बाकीचे सगळे प्रोसिजरही उघडे. "मेंबर इन यूज" असं येतं, एफ-१ दाबलं की कोण बसलंय तेही दिसतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण तो अडसर आयएसपीएफच्या एडिटमध्ये बसणाऱ्यांपुरता. डिस्प शेअर लावून आलेला बॅच जॉब त्या अडसराला विचारतही नाही. तुझ्या एडिटच्या खालून तो मेंबर बदलून जाईल, आणि तू सेव्ह केलंस की त्याचं काम तुझ्या नावावर नाहीसं होईल.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच सीनियर लोकांच्याही लक्षात नसते. रॅकफमध्ये डेटासेटचं प्रोफाइल करताना ऑडिटबद्दल काही सांगितलं नाही, तर ज्यांना नकार मिळाला फक्त त्यांची नोंद होते. ज्यांना हक्क आहे आणि ज्यांनी तो वापरून बदल केला, त्यांची नाही. यशस्वी अपडेटही लिहून ठेव, असं वेगळं सांगावं लागतं. तुमच्या प्रोफाइलवर ते सांगितलं होतं का, हे सिक्युरिटीवाल्यांना विचार. असेल तर सिस्टिमच्या नोंदवहीत, म्हणजे एसएमएफच्या ८० नंबरच्या रेकॉर्डमध्ये आयडी, वेळ आणि टर्मिनल मिळेल. मेंबरचं नाव तिथे मिळणार नाही, पण १५ नंबरच्या रेकॉर्डवरून डेटासेट लिहिण्यासाठी कुठल्या जॉबनं केव्हा उघडला ते जुळवता येतं. तुझा आयडी त्या रात्री कुठल्या टर्मिनलवरून, कुठल्या आयपीवरून आत आला, यावर तुझं सगळं अवलंबून आहे. हे रेकॉर्ड काढून ठेवायला लेखी सांग, आणि उद्याच सांग. ते किती दिवस ठेवायचे हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

पण बाळा, हे सगळं जुळलं तरी पहिला प्रश्न उरतोच: पासवर्ड त्या मित्राकडे गेला कसा?

आयडी वाटून घेतला की काय होतं ते मी पाहिलंय. १९९८-९९ ची गोष्ट. वायटूकेचं काम जोरात होतं. क्लायंटनं आमच्या टीमला मेनफ्रेमवर लॉगिन करायचे मोजकेच टीएसओ आयडी दिले होते, ते पाळीपाळीनं वापरायची पद्धतच होती. एका रात्री कुणीतरी कॉपीबुकातलं तारखेचं फील्ड सहा आकड्यांवरून आठ आकड्यांवर नेलं, ठरल्याच्या आधी. काही प्रोग्राम नव्या मांडणीनं रेकॉर्ड लिहू लागले, काही जुन्याच मांडणीनं वाचत राहिले. बॅच सॉक सेव्हननं, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच वाचल्यानं, पडली. आयडी सगळ्यांचा, म्हणून दोष ज्याची नाइट शिफ्ट त्याचा. सांगलीचा मुलगा होता, कामात चोख, बोलायला लाजाळू. मी त्याच्या बाजूनं बोलले, पण बोलण्याखेरीज हातात काही नव्हतं; एका आयडीमागे पाच माणसं असली की नोंदीला काही अर्थच राहत नाही. तो महिन्याभरात नोकरी सोडून गावी गेला. सांगलीला जाऊन त्याला भेटायचं मनात होतं. आज जाऊ, पुढच्या सुट्टीत जाऊ म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. काल वहिनीचा फोन ठेवल्यावर मला तोच आठवत होता.

प्रॉडक्शनमधला असा बदल बँका इतक्या कडकपणे का घेतात तेही समजून घे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये जून २०१२ मध्ये बॅच शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड मागे घेताना घोटाळा झाला. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ बसली, आणि २०१४ मध्ये बँकेला ५.६ कोटी पौंड दंड भरावा लागला. कुणाचा पगार जमा झाला नाही, कुणाचा हप्ता चुकला. हिंजवडीच्या ऑफिसात बसून तू ज्या मेंबरची एक ओळ बदलतोस, तिच्या दुसऱ्या टोकाला अशी माणसं असतात. म्हणून चौकशीवाल्यांवर राग धरू नकोस.

उद्या सकाळी चौकशी सुरू व्हायची वाट न बघता स्वतः मॅनेजरकडे जा. आयडी मी दिला, ते चुकलं, पण तो बदल माझा नाही, हे याच क्रमानं सांग. मित्राला आधी कल्पना दे. त्याला अंधारात ठेवून त्याचं नाव घेऊ नकोस. हे मिटलं की त्या लायब्ररीवर टीमला नुसतं रीड ठेवा आणि बदल त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या एंडेवरमधूनच जाऊ द्या, असं तूच सुचव. स्वतःचं अपडेट काढून घ्या म्हण. हक्क कमी झाला म्हणजे मान कमी झाला, असं वाटून घेऊ नकोस.

खूप बोलले. तू खोटं बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. पाचवीत काच फुटली तेव्हाही माझ्यापाशी येऊन खरं सांगणारा तूच होतास. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, तू हुशार आहेस आणि जुनं कोबोल वाचता येणारी माणसं अजून लागतात. आईशी मात्र नीट बोल, ती काही सांगत नाही पण घाबरली आहे. आज रात्री जेव. दोन दिवस रजा मिळाली तर सरळ इकडे निघून ये.

आणि उद्या मॅनेजरशी बोलणं झालं की मला फोन कर. कितीही वाजले असोत.

तुझी,
आत्या